हायवेवरची कॅक्टसवाली नर्सरी: झाडं झकास, पण सल्ला काउंटरवर घेऊ नका

पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला अर्धा स्टार शेडमध्ये काम करणाऱ्या मामांचा, ते नसते तर तीनवरच थांबले असते. नर्सरीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण माणसं वाईट नाहीत आणि झाडं तर खरंच चांगली आहेत. जळगाव-भुसावळ पट्ट्यात राहणाऱ्यांना हायवेवरून जाताना बाहेर लावलेले उंच उंच कॅक्टस दिसले की आपोआप कळेलच.

आधी माझी जागा सांगते म्हणजे पुढचं समजेल. भुसावळला घर, समोर वीस बाय बाराचं अंगण, पश्चिमेला तोंड. दुपारी बारापासून मावळेपर्यंत ऊन सरळ अंगावर, त्यात कंपाउंडची भिंत तापून रात्री दहापर्यंत चुलीसारखी गरम. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो हे काय नवीन सांगायला नको. लॉन लावून बघितलं, एका उन्हाळ्यात पाचट झालं. गुलाब लावले, ते गेले. मोगरा तेवढा टिकला पण तोही एप्रिलमध्ये रुसतो. मग मागच्या वर्षी ठरवलं की उन्हाशी भांडत बसण्यापेक्षा ज्यांना ऊन आवडतं तीच झाडं आणू, मोठ्या ठसठशीत आकाराची, तलवारीसारख्या जाड पानांचं घायपात, टोकदार पानांच्या झुपक्याचा युक्का, गोल कॅक्टस वगैरे, जी दोन-चार लावली तरी अंगण भरलेलं वाटतं आणि रोज पाइप घेऊन उभं राहावं लागत नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, मी, हे आणि सासूबाई. कलेक्शन बघून खरंच थक्क झाले. पिवळ्या काठाचं घायपात होतं, बिनकाट्याचं मऊ पानांचं घायपात होतं, बुंध्याशी फुगलेला नोलिना, जाड बुंध्याचं, गुलाबी फुलांचं अडेनियम तर शंभरेक कुंड्या असतील, आणि नारळाएवढे पिवळ्या काट्यांचे गोल कॅक्टस रांगेत मांडलेले. मालक हौसेनं सांगत होते, याला गोल्डन बॅरल म्हणतात, आणि इंग्रजीत याचं लाडाचं नाव आहे सासूची उशी. सासूबाई शेजारीच उभ्या! यांना एकदम खोकला आला, मी दुसरीकडे बघायला लागले. बाय द वे हे कॅक्टस मूळचे मेक्सिकोचे, आणि गंमत म्हणजे नर्सरीत इतके स्वस्त झालेत पण तिकडे रानात फार थोडे उरलेत.

खरी मजा घायपातापाशी झाली. दहा इंची कुंडी, साडेचारशे रुपये. सासूबाई यावलकडच्या, त्यांनी पान हातात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "माय वं, हे तं बांधावरचं केकताड! पैसे द्यायचे याले?" मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता. मग गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी बांधाला हिरवं केकताड असायचंच, गुरं शिरू नयेत म्हणून, आणि पानं कुजवून वाख काढून दोर वळायचे. म्हणजे जे आम्ही डिझायनर प्लांट म्हणून डिकीत घालून आणलं ते त्यांच्या माहेरी कुंपण होतं. पण पिवळ्या काठाचं त्यांनाही आवडलं, कबूल नाही केलं एवढंच.

एकूण बिल सव्वातीन हजारांच्या आसपास झालं. गोल्डन बॅरल ९००, नोलिना ६००, दोन्ही घायपातं, युक्का, दोन अडेनियम, आणि एक छोटा कॅक्टस १२० चा ज्याला टोकावर सुंदर गुलाबी फूल होतं. ऑनलाइन बघितलं तर हेच साइज दीडपट भावाने आहेत, शिवाय कुरियरमध्ये मुळं मोडून येतात ते वेगळंच. इथे झाडं निरोगी, मिलीबग म्हणजे ती पांढरी कापसासारखी कीड कुठे दिसली नाही, कुंडीतून काढून बघितलं तर मुळं पांढरी आणि भरपूर. याबाबतीत फुल मार्क्स.

आता तक्रारी.

पहिली, ते गुलाबी फूल. घरी आणून चार दिवस झाले, फूल जसंच्या तसं. आठवडा झाला, तसंच. मला वाटलं काय टिकाऊ जात आहे! मग मुलाने हळूच बोट लावलं तर फूल निघालं आणि खाली ग्लूगनच्या गोंदाचा थेंब. सुकवलेलं फूल चिकटवलेलं. कॅक्टसच्या सालीला त्या गरम गोंदाने डाग पडला तो अजून आहे. फोन केला तर म्हणे "ताई माल वरूनच तसा येतो." येत असेल, पण विकताना सांगा ना.

दुसरी तक्रार जास्त महागात पडली. ही सगळी झाडं नर्सरीत हिरव्या नेटखाली वाढलेली असतात. मालकांनी सांगितलं "डायरेक्ट उन्हात ठेवा, वाळवंटातलं झाड आहे." ठेवलं. नवव्या दिवशी गोल्डन बॅरलची नैऋत्येकडची बाजू आधी फिकट पिवळी, मग पांढरी, मग बुचासारखी तपकिरी. भाजलं चक्क. आणि हे भरून येत नाही हां, आपल्या कातड्यासारखं नाही, तो डाग झाडाला जन्मभर. बिनकाट्याच्या घायपाताची तर पानं पापडासारखी झाली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, उत्तर आलं: पाणी कमी पडतंय, रोज टाका.

आणि मी टाकलं! इथे माझीपण चूक आहे. आपल्या खान्देशी माणसाचा हात केळीला पाणी देणारा, झाड मलूल दिसलं की पहिले पाइपच आठवतो. जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले आणि त्यानंतर एक दिवस सकाळी बिनकाट्याचं घायपात जरा कलतं दिसलं म्हणून सरळ करायला गेले तर वरचा अख्खा गड्डा हातात आला. खाली काळं, बुळबुळीत, आणि वास सडक्या कांद्याचा. कुंडी उलटी केली तर आत सगळा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, माती नावालाच, पिळला तर पाण्याची धार. आणि कुंडीला भोक होतं पण आतून पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच, कोणी पाडलेलाच नाही. तीनशे रुपयांची फायबरची शोभेची कुंडी, मीच हौसेने घेतलेली.

चिडून गड्डा पिशवीत घालून सरळ नर्सरीत गेले. मालक नव्हते, शेडमध्ये ते मामा होते, रावेरकडचे, केळीच्या बागेत आयुष्य गेलेलं. त्यांनी पिशवीत डोकावलं आणि म्हणाले, "ताई, केळीले रोज पानी, याले पंधरा दिसानं. तुमी उलटं केलं." मग अर्धा तास उभ्या उभ्या जे शिकवलं ते काउंटरवर कोणीच सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

नर्सरीवाले कोकोपीट का वापरतात तर हलका पडतो, टेम्पोत वजन कमी होतं, आणि नेटखाली रोज बघायला माणूस असतो. आपल्याकडे तो उन्हाळ्यात आकसतो, कडेनं पाणी सरळ खाली निघून जातं, आणि पावसाळ्यात फुगून आठ-आठ दिवस ओला राहतो. म्हणून घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे मुळं झटकून माती बदलायची. त्यांचं माप: दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं जाडी वाळू, अर्धं घमेलं जुनं कुजलेलं शेणखत, मूठभर कोळशाचे तुकडे. बदलल्यावर आठवडाभर पाण्याचा थेंब नाही, तुटलेली मुळं आधी सुकू द्यायची. आणि आपली काळी माती याला अजिबात नको, ती पाणी धरते, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, त्या भेगांत मुळं तुटतात. जमिनीत लावायचंच असेल तर दीड फूट उंच मुरमाचा ढीग करून त्यावर लावा.

उन्हाचं पण त्यांनीच सांगितलं. कुंडीवर खडूने खूण करायची, नर्सरीत जी बाजू दक्षिणेला होती तीच घरी दक्षिणेला. पहिले पंधरा दिवस जुन्या साडीची सावली, मग फक्त सकाळचं ऊन, मग पूर्ण. खरेदी शक्यतो पावसाळा संपल्यावर, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत झाड तयार होतं. मार्चअखेर आणून उघड्यावर ठेवणं म्हणजे एसीतल्या माणसाला भर दुपारी शेतात उभं करणं. बिनकाट्याच्या घायपाताला तर आपलं दुपारचं ऊन कधीच झेपत नाही, ते पूर्वेकडेच ठेवा.

मला एक शंका होती की मग मेमध्ये तरी जास्त पाणी द्यायचं की नाही. मामा म्हणाले उलट कमी. हे मी नंतर वाचलं तेव्हा कारण समजलं. ही झाडं दिवसा पानांची, सालीची छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडून हवा आत घेतात. आपल्याकडे मेमधली रात्रच इतकी गरम की त्यांचं काम जवळपास बंद पडतं, झाड झोपल्यासारखं असतं, आणि झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं की काय होणार. अडेनियमचं वेगळं, ते उन्हाळ्यात जोरात असतं आणि पाणी मागतं, पण डिसेंबरात थंडी पडली की पानं टाकतं. मेलं समजून फेकू नका, पाणी बंद करून गप्प बसा.

मालकांनी अजून एक लोणकढी मारली होती, घायपाताला दरवर्षी फूल येतं म्हणून. सासूबाईंनी तिथेच मान हलवली होती. केकताड आयुष्यात एकदाच उंच दांडा टाकतं, तेही बऱ्याच वर्षांनी, आणि मग ते झाड मरतं. बाजूला पिल्लं सोडून जातं तेवढंच.

आणि हो, घायपाताची पानं कापताना फुल बाह्यांचा शर्ट घाला. मी वाळलेली खालची पानं काढायला गेले, रस हाताला लागला, दोन दिवस कोपरापर्यंत पुरळ आणि खाज. टोकाचे काटे डोळ्याच्या उंचीला येत असतील तर नेलकटरने बोथट करा. आमच्याकडे सासूबाईंनी नातवासाठी प्रत्येक टोकाला थर्माकोलचा गोळा खोचलाय, लोक विचारतात हे कुठलं फळ.

नुकसानीचं म्हणाल तर मेलेल्या झाडाचे पैसे मिळाले नाहीत, "पाणी जास्त झालं ही कस्टमरची चूक" असं मालक म्हणाले, ज्यांनी रोज पाणी टाका लिहिलेला मेसेज माझ्या मोबाइलमध्ये आहे. दाखवला. हसले, आणि पिवळ्या काठाच्या घायपाताचं एक पिल्लू फुकट दिलं. मी पण घेतलं, भांडत काय बसायचं. डिलिव्हरी घेऊ नका, टेम्पोचे तीनशे घेतात आणि आमचा युक्का आडवा झोपवून आणला, शेंडा मोडला. आता तिथून दोन फुटवे आलेत, आधीपेक्षा छान दिसतोय, पण ते त्यांचं क्रेडिट नाही.

जायचं तर सकाळी दहाच्या आत जा, मामा दुपारी नसतात. काउंटरवर पैसे द्यायच्या आधी मागे शेडमध्ये एक चक्कर मारा. घरून गोणपाट आणि जुना टॉवेल न्या, काटेरी झाड गाडीत धरायला लागतं, आणि कुंडी त्यांच्याकडची घेऊ नका, बाजारात मातीची घ्या, भोक बोटाने तपासून.