कीबोर्ड मोजणारं अॅप: दोन स्टार, तेही कॅलेंडरसाठी

इंग्लंडात एका युनिव्हर्सिटीच्या अॅडमिशन ऑफिसात आहे मी, ३ दिवस ऑफिस, २ दिवस घरून. गेल्या वर्षी लॅपटॉपवर हे ट्रॅकिंग अॅप येऊन बसलं. नाव लिहीत नाही, उगाच कटकट नको. कीबोर्ड-माऊस हलतोय का ते बघतं, ५ मिनिटं शांत की लगेच 'आयडल', आणि शुक्रवारी मॅनेजरकडे टक्केवारी.

आता गंमत ऐका. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी ए-लेव्हलचा (म्हणजे इथली बारावी) रिझल्ट लागतो आणि सकाळपासून क्लिअरिंगचे फोन सुरू, म्हणजे मार्क कमी पडलेली नाहीतर उशिरा ठरवलेली पोरं उरलेल्या सीटसाठी फोन करतात. मी हेडसेट लावून संध्याकाळपर्यंत नुसती बोलतेय, एक मुलगी तर रडायलाच लागली, तिला आधी शांत केलं मग मार्क विचारले, त्यातच २० मिनिटं गेली. अॅपच्या हिशेबाने त्या दिवशी मी ६१% आयडल! आणि एक्सेलचे रकाने इकडचे तिकडे केले त्या दिवशी हिरवागार ९४% अॅक्टिव्ह.

एक सहकारी माऊसखाली काट्याचं घड्याळ ठेवतो, सेकंदकाटा फिरला की कर्सर हलतो. त्याचे आकडे कायम झकास.

२०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रॉडक्टिव्हिटी स्कोअरवर (कोण किती मेल, मीटिंग, चॅट करतं ते नावानिशी दाखवायचा) एवढी बोंब झाली की त्यांना त्यातून माणसांची नावं काढावी लागली. तरी आमच्यांनी असलंच अॅप विकत घ्यावं? त्यात ६ एप्रिल २०२४ पासून इथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून फ्लेक्सिबल वर्किंग, म्हणजे कामाची वेळ किंवा जागा बदलून, मागता येतं (आधी २६ आठवडे थांबायला लागायचं), पण मागता येतं, मिळेलच असं नाही, म्हणून अर्ज टाकायच्या आधी सगळे स्वतःची टक्केवारी बघत बसतात.

चांगलं एकच, अॅपच्या कॅलेंडरमध्ये मीटिंगचे तास दिसतात. मंगळवारी ५ तास मीटिंग बघून मॅनेजरनेच एक बंद केली.

खरं काम कळतं ते कॉमन इनबॉक्सवरून. किती मेल आले, किती पेंडिंग, सगळ्यात जुना किती दिवसांचा, घरून असो की ऑफिसातून. त्यातही लबाडी होतेच, अर्धवट उत्तर देऊन मेल क्लोज करायचा, पोरगं परत विचारतं. मग आम्ही परत आलेले मेल पण मोजायला लागलो.

लायसन्स जुलैत संपतंय. रिन्यू झालं तर रिझल्टच्या आधी मी पण काट्याचं घड्याळ घेणारे.