वापरलेला फोन तपासायचाय: ॲप प्ले स्टोअरवरून घ्यायचं की पेनड्राइव्हवरून टाकायचं?

वापरलेला अँड्रॉइड फोन घेताना पैसे देण्याआधी त्यात सीपीयू-झेड किंवा एडा६४ हे फोनच्या आतली माहिती दाखवणारं ॲप टाकून बघा, असं मी भेटेल त्याला सांगतो. प्रोसेसरचं नाव त्या मॉडेलशी जुळतंय का, रॅम सांगितली तेवढी आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. (८ जीबीच्या जागी साडेसात दिसली तर घाबरू नका, थोडी मेमरी सिस्टम स्वतःकडे राखून ठेवते. ३ दिसली तर मात्र उठा.)

फोन आधीच तुमचा असेल तर प्ले स्टोअर, दुसरा विचारच नको. खोटी प्रत मिळायची भीती कमी आणि अपडेटही आपोआप येतात.

पण काउंटरवर हातात घेतलेला फोन अजून तुमचा झालेला नसतो. प्ले स्टोअरला गूगल खातं लागतं, आणि परक्या फोनवर आपला पासवर्ड टाकणं मला मुळीच पटत नाही. सौदा फिसकटला आणि गडबडीत खातं काढायचं राहिलं, तर तुमचे मेल त्या फोनबरोबर दुकानातच राहिले. अशा वेळी साइडलोड, म्हणजे प्ले स्टोअर सोडून थेट फाइलवरून ॲप टाकणं, मला जास्त सुरक्षित वाटतं. एडा६४ची एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवायची फाइल) फायनलवायर या तिच्या कंपनीच्याच साइटवरून घरी उतरवून घ्या, ओटीजी पेनड्राइव्हवर (थेट फोनला लावता येणाऱ्या) ठेवा आणि दुकानात फोनला लावा. खातं लागत नाही, नेटही लागत नाही. अँड्रॉइड ८ पासून अनोळखी ॲपची परवानगी सगळ्या फोनला मिळून एक नसते, ज्या ॲपमधून फाइल उघडाल त्यालाच ती द्यावी लागते. फाइल मॅनेजरला द्या, काम झालं की बंद करा. फाइल ताजीच घ्या, कारण फार जुन्या अँड्रॉइडसाठी बनलेली ॲप अँड्रॉइड १४ बसूच देत नाही.

खरा धोका फाइल कुठून आली यात आहे. अँड्रॉइड एपीकेवरची डिजिटल सही तपासतो, पण पहिल्यांदा टाकताना जुळवून बघायला जुनी सहीच नसते. त्यामुळे कुणी आत काही घुसवून पुन्हा सही केलेली फाइलही बिनतक्रार बसू शकते. व्हॉट्सॲपवर चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून फिरणाऱ्या एपीकेंनी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. म्हणून परवानग्या वाचा. फोनची माहिती दाखवणाऱ्या ॲपला एसएमएस वाचायचं किंवा ॲक्सेसिबिलिटीचं (स्क्रीन वाचायची, तुमच्या वतीने बटणं दाबायची परवानगी) कामच नाही. मागितलं की ॲप काढून टाका.

लॅपटॉपवरून एडीबीनेही (केबलने जोडलेल्या फोनला लॅपटॉपवरून हुकूम देणारं साधन) ॲप टाकता येतं, पण त्यासाठी बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचक्या मारून यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं. दुकानदारासमोर कोण एवढं करणार? अमेरिकेहून कुणी ॲमेझॉनचा फायर टॅब्लेट आणून दिला असेल तर त्यात प्ले स्टोअर नसतोच. ॲमेझॉनच्या स्टोअरमध्ये हवं ते सापडलं नाही, की तिथेही एपीकेच.

दोन गोष्टी मात्र ॲप कुठूनही टाकलं तरी कळणार नाहीत. बॅटरीची जी क्षमता दिसते ती बहुधा कारखान्यातली असते, आज उरलेली नव्हे. आणि अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपला आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दिसतच नाही. त्यासाठी *#०६# दाबा आणि आलेला नंबर इंग्रजी केवायएम अक्षरांपुढे जागा सोडून १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात तसं येतं.