डिक्शनरी ऑफ कॅनेडियन बायोग्राफी : दुकानदार-शेतकऱ्याचा प्रीमियर झाला, तो या कोशात कुठे सापडतो?

टोरंटो आणि लावाल या दोन विद्यापीठांचा हा चरित्रकोश इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये ऑनलाइन मोफत वाचता येतो. कॅनडाच्या प्रांतिक राजकारणाचा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी.

नवखा वाचक अडतो तो खंडांच्या रचनेपाशी. खंड मृत्यूच्या वर्षानुसार लावले आहेत. मॅनिटोबा प्रांताचा टॉमस ग्रीनवे १८८८ ते १९०० प्रीमियर, म्हणजे प्रांताच्या सरकारचा प्रमुख होता, पण वारला १९०८ मध्ये. म्हणून तो १९०१–१९१० च्या तेराव्या खंडात. ज्याच्याशी तो विधानसभेत झुंजला तो जॉन नॉरक्वे १८८९ मध्ये गेला, म्हणून अकराव्या खंडात. छापील प्रत वापरणाऱ्याने मृत्युवर्ष आधी काढून ठेवावं. ऑनलाइन नावाने शोधलं की काम भागतं.

नोंदीचा पहिला परिच्छेद दाटीचा असतो: व्यवसाय, जन्म, आईवडील, लग्नं, मुलं, मृत्यू. तो ओलांडून पुढे जाऊ नका. ग्रीनवेने ऑन्टॅरिओच्या ह्युरॉन भागात दुकान चालवलं, मग मॅनिटोबात क्रिस्टल सिटीला शेती केली, शॉर्टहॉर्न गुरं पाळली. त्याचं राजकारण इथूनच उलगडतं. गहू बाहेर जायचा तो रेल्वेने, आणि १८८१ च्या करारातल्या पंधराव्या कलमाने कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीला २० वर्षांची मक्तेदारी दिली होती. १८८८ मध्ये ती उठली आणि ग्रीनवेच्या सरकारने नॉर्दर्न पॅसिफिक या दुसऱ्या रेल्वे कंपनीला प्रांतात आणलं. मालभाडं किती पडतं, यावर त्याच्या मतदारांच्या हातात काय उरणार ते ठरत होतं.

जमिनीचा कायदा मात्र वाचकाने आधी समजून घ्यायला हवा. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर शुल्कात १६० एकर मिळत. अट अशी की तीन वर्षं राहायचं आणि जमीन कसायची. ही जमीन १९३० पर्यंत केंद्राच्या ताब्यात होती. हे माहीत नसलं की प्रीमियरच जमिनी वाटत होता असा गैरसमज होतो.

मॅनिटोबातल्या कॅथलिक शाळांना सरकारी पैसा मिळावा का, या वादासाठी एक नोंद पुरत नाही. १८९० चा कायदा आणि १८९६ ची तडजोड दोन्ही बाजूंनी कळायला कॅथलिक आर्चबिशप ताशे बाराव्या खंडात, पंतप्रधान लॉरिए आणि ताशेनंतरचे आर्चबिशप लांजव्हँ चौदाव्या खंडात वाचावे लागतात. एवढा खटाटोप जरूर करा.