मोबाइलवर उघडते, घरच्या वायफायवर नाही: डीएनएस बदलायचा, व्हीपीएन घ्यायचा की राउटर उघडायचा?

मामांची शेती चंदगडला, आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत. सातबाऱ्याची साइट मोबाइल डेटावर झटक्यात उघडायची, घरच्या फायबरवर नुसतं चाक फिरायचं. लाइनवाल्या पोराला फोन केला, तर म्हणाला, ‘साइट डाऊन असेल की ओ!’ डाऊन असती तर मोबाइलवर कशी दिसली असती?

आधी स्क्रीनवर काय येतं ते बघा. ‘साइट सापडत नाही’ असं लगेच आलं, तर बहुधा डीएनएसची गडबड, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हरच अडलेला. राउटरमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. पैसे लागत नाहीत, दोन मिनिटांचं काम. नुसत्या फोनपुरतं हवं असेल तर अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्येच ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे.

‘परवानगी नाही’ असं आलं, तर डीएनएस बदलून उपयोग नाही. बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक घरांना एकाच आयपीमागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे, बसवतात. त्यातल्या एकाने आगाऊपणा केला की साइट सगळ्यांनाच अडवते. मग जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपल्या घराचा कायमचा पत्ता, मागायचा.

व्हीपीएनने, म्हणजे आपलं ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेने, यातलं बरंच काही सुटतं, म्हणून लोक थेट तिथेच धावतात. मला ते पटत नाही. ट्रॅफिक दुसऱ्याच वाटेने गेल्यामुळे साइट उघडते, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही. शिवाय अनेक सरकारी साइट परदेशी आयपी घेत नाहीत, आणि ग्राहकांची माहिती साठवायला लावणाऱ्या २०२२ च्या नियमांनंतर काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून टाकले. फुकटच्या व्हीपीएनवर बँकेचं लॉगिन तर नकोच. तपासण्यापुरतं पाच मिनिटं वापरा.

माझं दुखणं तिसरंच निघालं. डीएनएस बदलला, तरी चाक फिरतंच. आमची लाइन पीपीपीओईची, म्हणजे राउटरला युजरनेम-पासवर्ड लागणारी. त्यात प्रत्येक पॅकेटमागे, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्यामागे, ८ बाइट जातात, म्हणून एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, १५०० ऐवजी १४९२ लागतो. राउटरमध्ये मात्र १५००. मोठी पॅकेटं वाटेतच गळायची. बाकीच्या साइट कशाबशा निभावून न्यायच्या, हीच अडायची. आकडा बदलला, राउटर बंद करून चालू केला, आणि मामांचा गट नंबर समोर.

लाइनवाल्याला राउटरच्या सेटिंगचं पान दाखवलं. त्याने त्या पानाचा फोटो काढून घेतला. म्हणाला, ‘अनगोळात पण दोन घरांची हीच तक्रार हाय.’