बर्गन की गोथेनबर्ग? तीन दिवस हातात असतील तर

नॉर्वेत ऑस्लोपर्यंत पोहोचलात, तीन दिवस शिल्लक आहेत आणि समुद्रकाठचं एकच शहर जमणार आहे. अशा वेळी जो तो नॉर्वेतल्याच बर्गनचं नाव घेतो. स्वीडनमधलं गोथेनबर्ग (तिथल्या लोकांच्या तोंडी 'योतेबोरी') सहसा कोणी सुचवत नाही. माझा कल आधीच सांगून टाकतो: दोघंच असाल, गुडघे शाबूत असतील आणि भिजायची तयारी असेल तर बर्गन. आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर गोथेनबर्ग. वेगळ्या व्हिसाचा प्रश्न नाही, दोन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटातच आहेत.

भिजायचं म्हटलं ते उगाच नाही. बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो. आपल्या कोकणासारखा तो धो धो कोसळत नाही, नुसती रिपरिप लावतो, आणि तीही ऐन जुलैत. फ्लोयबानेन ही 1918 पासूनची डोंगरगाडी पाच-सहा मिनिटांत 320 मीटरवर नेते. वर गेल्यावर खाली बंदर, बेटं, लाल कौलं असं सगळं दिसतं, किंवा मग नुसतं पांढरं धुकं. म्हणून तिकीट आदल्या दिवशी काढू नका. सकाळी खिडकीतून डोंगर दिसला की निघा. उतरताना गाडी सोडून जंगलातल्या वाटेने चालत या, पाऊण तासात गावात.

बर्गनचा जीव आहे ब्रुग्गेन. बंदरावर ओळीने उभी असलेली, एकमेकांना टेकलेली लाकडी घरं, 1979 पासून जागतिक वारसा यादीत. फोटो समोरूनच काढतात सगळे, पण खरी मजा आतल्या बोळांत आहे. पायाखाली फळ्या, दोन्ही बाजूंना फळ्या, डोक्यावर सज्जे. इथे हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी संघाचे जर्मन व्यापारी राहत आणि उत्तरेकडून येणारा सुका कॉड विकत. मीठ न लावता, काठ्यांच्या मांडवावर थंड वाऱ्यात वाळवलेला मासा. वलांडीवरचे बोंबील पाहिलेल्याला वेगळं समजावून सांगायला नको. घरं लाकडाची, म्हणून त्यांत चूल आणि दिव्याला बंदी. ऊब आणि गरम जेवण हवं तर मागच्या वेगळ्या सभाघरांत जायचं. एवढं करूनही 1702 मध्ये सगळं जळालं, आणि लोकांनी पुन्हा जुन्याच आराखड्यावर लाकडीच घरं बांधली!

गोथेनबर्गनेही आगीची धास्ती घेतली, पण उपाय निराळा काढला. हागा भागात फिरताना घरं नीट बघा: तळमजला दगड-विटांचा, वरचे दोन मजले लाकडी. तीन मजली लाकडी घराला परवानगी नव्हती. खालचा मजला दगडी केला की वरचे दोन नियमात बसत. हागाच्या कॅफेंत दालचिनीचा बन मिळतो, जेवणाच्या ताटाएवढा. एक घ्या, तिघांत खा.

खाण्यात मी डोळे झाकून गोथेनबर्गला कौल देईन. पावाच्या एका कापावर उकडलेलं अंडं, मेयोनीज, शेपू आणि वर कोळंबीचा ढीग, म्हणजे रेकमाका. फेस्केशोर्का, अर्थात 'मासळी चर्च', हा 1874 चा मासळीबाजार खरोखर चर्चसारखा दिसतो. दुरुस्तीनंतर 2024 मध्ये पुन्हा उघडला. बर्गनचा मासळीबाजार बंदरावर आहे, देखणा आहे, पण भाव पर्यटकांचे. तिथे सायीचं, किंचित आंबट फिश सूप तेवढं घ्या आणि पुढे चला. शाकाहाऱ्यांनी बर्गनमध्ये वाफलवर तपकिरी चीज मागावं. चीज म्हणायचं, पण ते होतं दूध फाटल्यावर उरणारं पाणी आटवून आटवून. चव खारवलेल्या खव्याची.

फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांच्या बाबतीत मात्र गोथेनबर्गने स्पर्धेत उतरूच नये. बर्गनहून रेल्वेने मिर्दाल, तिथून 20 किलोमीटरची फ्लॉमची घाटगाडी, खाली बोट. एक पूर्ण दिवस आणि बराच पैसा जातो, पण तो वसूल होतो. ऑस्लो ते बर्गन हा सातेक तासांचा रेल्वेप्रवासही दिवसा करा; फिन्सेला 1222 मीटरवर उन्हाळ्यातही बर्फाचे पट्टे दिसतात.

गोथेनबर्गचं उत्तर स्वस्त आहे. ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत, सॉल्तहोल्मेनला जायचं आणि त्याच तिकिटावर बोटीत बसायचं. दक्षिणेकडच्या बेटांवर मोटारी नाहीत. सामान पुढे हौदा लावलेल्या मोपेडवरून जातं. स्तिर्सोला उतरा किंवा थेट व्रोंगोला. गुळगुळीत करडे खडक, मधेच होड्या ठेवायच्या लाल खोपी, आणि बाकी काही नाही. आजीलाही जमेल असं चालणं. मुलं कंटाळली तर शहरात 1923 पासूनचं लिसेबेरी हे मनोरंजन उद्यान आहे, आणि स्लॉट्सस्कूगेन बागेत मूस हरणं फुकटात बघायला मिळतात.

बर्गनला छत्री नेऊ नका, वारा उलटी करतो. टोपीवाला रेनकोट हवा. आणि व्रोंगोच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या परतीच्या बोटींच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, संध्याकाळी त्या विरळ होतात.