फूडबॉर्न शिकागो: ट्विटपासून तपासणीपर्यंत
शिकागोच्या आरोग्य खात्याने २०१३ मध्ये सुरू केलेली ही सेवा शहर-परिसरातून ‘फूड पॉयझनिंग’चा उल्लेख करणारी ट्विट संगणकाकडून वेचून घेई, मात्र खरी तक्रार कोणती आणि नुसती थट्टा कोणती, हे माणसे वाचून ठरवीत आणि पोट बिघडलेल्याला ट्विटरवरच उत्तर देऊन तक्रारीचा अर्ज भरण्यास सुचवीत. पहिल्या काही महिन्यांत २,२४१ ट्विटमधून कामाची निघाली अवघी २७०. त्या काळात अर्जाद्वारे आलेल्या १९३ तक्रारींवरून १३३ उपाहारगृहे तपासली गेली व २१ नापास ठरली. साथीचे नुसते नकाशे रंगवणाऱ्या सेवांपेक्षा मला ही उजवी वाटते, कारण निरीक्षक थेट भटारखान्यात पोहोचे. ट्विटरकडे न फिरकणाऱ्यांचे, विशेषतः वृद्धांचे, दुखणे मात्र तिच्या नजरेतून सहज निसटे.