अ‍ॅक्टिव्हिटी लिस्ट ‘करून देणाऱ्यां’पासून सावध

‘प्रोफाइलचं आम्ही बघतो, मुलाने फक्त अभ्यास करावा.’ अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरून देणारा कन्सल्टंट असं बोलला, की त्याला फी नेमकी कशाची हे आधी विचारावं. कॉमन अ‍ॅप म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज. त्यात जास्तीत जास्त 10 अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे अभ्यासाबाहेरची कामं, मांडता येतात. प्रत्येकीत भूमिकेला 50 कॅरेक्टर, संस्थेच्या नावाला 100 आणि वर्णनाला 150. स्पेससुद्धा त्यातच मोजली जाते. म्हणजे वर्णन इंग्रजीत वीस-पंचवीस शब्दांचं. वर इयत्ता, आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे. विकला जातो तो एवढाच ऐवज.

फसवणूक पहिल्याच बैठकीत सुरू होते. मुलगी सांगते, रविवारी वडिलांच्या दुकानाचा हिशेब लिहिते, धाकट्या भावाला सांभाळते, शाळेत बुद्धिबळ खेळते. ‘याला काही किंमत नाही,’ म्हणून ते सगळं उडवून लावलं जातं. खरं तर फॉर्मच्या यादीत घरच्या जबाबदाऱ्यांचा वेगळा प्रकार आहे, पगारी कामाचाही आहे. पण तिचं स्वतःचं काम वापरलं तर विकायला काय उरणार? मग पॅकेज येतं: दोन महिन्यांपूर्वी निघालेल्या एनजीओचं ‘संस्थापक’पद, पैसे भरून मिळालेली इंटर्नशिप, छापण्याचे पैसे घेणाऱ्या जर्नलमधला पेपर. सोबत चकचकीत प्रमाणपत्रं. ती जोडायला या विभागात जागाच नसते, हे मात्र कोणी सांगत नाही.

बिंग बहुधा आकड्यांत फुटतं. दहा अ‍ॅक्टिव्हिटी, प्रत्येकी आठवड्याला 12 तास, म्हणजे 120 तास. आठवड्याचे तास 168. रोजची आठ तास झोप वजा केली तर उरतात 112. शाळा, जेवण, प्रवास अजून धरलेलेच नाहीत. वर्णनातही तीच गत. ‘वंचित मुलांच्या आयुष्यात शिक्षणातून परिवर्तन घडवलं’ हे वाक्य एकदा लिहून दहा गिऱ्हाइकांना पुरवता येतं. ‘दर शनिवारी 2 तास, पाचवीच्या 6 मुलांना अपूर्णांक शिकवले, सराव-कागद स्वतः तयार केले’ हे ज्याने केलं त्याच्याच अर्जात शोभतं. शिवाय शाळेच्या काउन्सेलरचं आणि शिक्षकांचं पत्र अर्जाशेजारीच वाचलं जातं. त्यात त्या ‘संस्थापका’चा उल्लेखही नसेल, तर वाचणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

सगळ्यात घातक चाल मात्र ईमेलची. ‘तुमचा वेळ वाचेल’ म्हणत कन्सल्टंट स्वतःच्याच ईमेल पत्त्यावर अर्जाचं खातं उघडतो आणि पासवर्डही त्याच्याकडे राहतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळा असतो: तिथे 20 नोंदी चालतात. मात्र काही अर्जदार निवडून त्यांच्याकडे माहितीचा पुरावा मागितला जातो, आणि उत्तर आलं नाही तर अर्ज रद्द होऊ शकतो. ती सूचना कन्सल्टंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहिली, तर घरी पत्ताही लागत नाही.

सही मात्र विद्यार्थ्याची. कॉमन अ‍ॅप पाठवताना मजकूर आपलाच आणि खरा असल्याचं लिहून द्यावं लागतं. तो खोटा निघाला तर प्रवेश रद्द होण्यापासून पुढे पदवी काढून घेतली जाण्यापर्यंत परिणाम त्यातच नमूद असतात. 2019 मध्ये उघड झालेल्या, रिक सिंगर या अमेरिकी प्रवेश-सल्लागाराच्या प्रकरणात खोट्या खेळाडू-प्रोफाइलसाठी फोटोदेखील बनावट केले होते. सिंगरला जानेवारी 2023 मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. काही पालक तुरुंगात गेले, काही मुलांचे प्रवेश गेले. तिथे लाचही होती, हे खरं. पण मुलाने न केलेलं त्याच्या नावावर चढवणं दोन्हीकडे सारखंच.

पैसे भरून बसला असाल तर आधी खातं ताब्यात घ्या: ईमेल स्वतःचा, पासवर्ड नवा. मग अर्जाची प्रीव्ह्यू पीडीएफ उतरवून अ‍ॅक्टिव्हिटीची प्रत्येक ओळ मुलाला मोठ्याने वाचायला लावा. जिथे तो अडखळेल ती ओळ काढा. दहा जागा भरायलाच हव्यात असं नाही. अमेरिकेतली एमआयटी आपल्या स्वतंत्र अर्जात चारच विचारते. एका कॉलेजला अर्ज गेला असला, तरी उरलेल्यांसाठी हा विभाग बदलता येतो. जिथे गेला आहे, तिथल्या प्रवेश कार्यालयाला विद्यार्थ्याने स्वतःच्या ईमेलवरून दुरुस्ती कळवावी, कॉलेजकडून विचारणा येण्याआधीच. कन्सल्टंटशी झालेलं बोलणं, पावत्या आणि ‘गॅरंटी’चे मेसेज पुसू नका, पैसे परत मागताना तेच हाताशी लागतात.